जिन्याखालचा फोन

मी कमी बोलणारी बाई आहे. सिस्टर व्हायच्या आधीपासूनच. वसईला घरी आई म्हणायची, हिच्या तोंडून शब्द काढायचा तर माणूस लावायला हवा. अशा बाईनं जी गोष्ट एका छताखाली राहणाऱ्या मुलीपासून लपवली, तीच देशोदेशीच्या घरांना लिहून कळवली. कसं घडलं हे, ते सांगते.

नव्वदच्या दशकात नेरूळला एका रो-हाऊसमध्ये आम्ही तिघी धर्मभगिनी राहत होतो. घराची सुपिरिअर, म्हणजे प्रमुख, मी, तेव्हा छत्तीस वर्षांची. एक थोरल्या सिस्टर, सत्तरीच्या, आमच्या वसईकडच्याच, स्वयंपाकघर त्यांचं. इंग्रजी त्यांना येत नसे. आणि एक धाकटी, सव्वीस वर्षांची, श्रीरामपूरच्या बाजूच्या खेड्यातली. वाशीच्या घाऊक बाजारात साताऱ्याकडचे माथाडी कामगार होते. त्यांच्या मुलांसाठी आम्ही बाजारामागच्या एका शेडमध्ये बालवाडी चालवायचो. मुलं माझ्यासमोर गप्प बसत आणि धाकटीच्या अंगाखांद्यावर चढत.

आमच्यात दर वर्षी प्रत्येकीनं आठ दिवसांचं मौन पाळायचं असतं. रिट्रीट म्हणतात त्याला. बोलायचं नाही, पत्रं वाचायची नाहीत, फोन घ्यायचा नाही, नुसती प्रार्थना. एरवी त्यासाठी बाहेरगावच्या आश्रमात जातात, पण त्या वर्षी तिथे जागा मिळाली नाही आणि धाकटी आमच्याच वरच्या खोलीत मौनात बसली. मी रोज तिचं ताट वर नेऊन द्यायची. ती मान हलवायची, हसायची, दार लोटून घ्यायची.

जवळच्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली एक मावशी आमच्या दारात मासळी घेऊन यायची. तिनं पाटी उतरवली आणि विचारलं, "तुमची लहान सिस्टर कुठं हाय? दिसत नाय."

"वर आहे. मौनात."

"म्हंजे आजारी हाय?"

"नाही गं. आठ दिवस बोलायचं नाही."

"आमचे घरान बाई आठ दिस बोलली नाय, त भगताला बोलवतील." थोरल्या सिस्टर इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली कोळंबी खाली पडली.

ती मंगळवारची सकाळ. मावशी गेली आणि थोड्या वेळानं, साडेअकराच्या सुमाराला, फोन वाजला. आमचा फोन जिन्याखाली एका स्टुलावर असायचा. धाकटीचा भाऊ बोलत होता, गावातल्या दुकानातून. मागे कोणी तरी मोठ्यानं हिशेब सांगत होतं, म्हणून तोही ओरडून बोलत होता.

"सिस्टर, आईचं जरा जास्त हाय. ताईला धाडता का?"

"जास्त म्हणजे किती?"

तो गडबडला. "तशी बोलतीय. चहा घेतीय थोडा."

"ती रिट्रीटमध्ये आहे. सोमवारी संपेल. सोमवारी लगेच पाठवते."

"बरं," तो म्हणाला. "तुमी बघा कसं जमतंय."

त्या 'बरं'ला मी पुढे कितीतरी महिने धरून बसले. त्यानंच बरं म्हटलं ना. पण सिस्टर लोकांशी बोलताना खेड्यातला माणूस किती दबून बोलतो हे मला ठाऊक होतं. 'आई मरतेय' हे तो मला कसं सांगणार? त्यानं 'जास्त' म्हटलं होतं. आपल्याकडे आजारपणात 'जास्त' म्हणजे काय, हे कुठल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मग मी का सांगितलं नाही? नियम असा नव्हता. मौनातल्या सिस्टरला निरोप द्यायचा की नाही हे सुपिरिअरनं ठरवायचं, एवढाच नियम. ठरवलं मी. आणि ठरवताना माझ्या डोक्यात आजारी बाई नव्हती, माझी मीच होते. मी नवशिकी असताना माझे वडील गेले, तेव्हा मला पाच दिवसांनी सांगितलं होतं. आम्हा नवशिक्यांना शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "तू देवाला काहीच नाकारलं नाहीस." ते वाक्य मी वीस वर्षं अंगावर दागिन्यासारखं घालून फिरले. मला कोणी विचारलंच नव्हतं, मग मी नाकारणार काय, हा साधा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. मला वाटलं, तोच दागिना आपण हिला देतो आहोत.

एक वाजता मी ताट घेऊन वर गेले. तिनं दार उघडलं. चेहरा कसा ताजा दिसत होता. तोंडापर्यंत आलेले शब्द मी गिळले आणि मला चक्क बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी दुसरा फोन आला. आई पहाटे गेली होती. उन्हाळा होता, संध्याकाळपर्यंत माती द्यावी लागणार होती. मी वर गेले, मौन मोडलं आणि सांगितलं, "आत्ताच फोन आला. आई गेली." 'आत्ताच' हे खोटं नव्हतं. मंगळवारचं मी काही बोललेच नाही. ती तशीच निघाली, एकटी, हायवेवरून एसटी पकडून. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

चार दिवसांनी परतली. "भाऊ माझ्याशी बोललाच नाही," म्हणाली. "वहिनीनं जेवायला वाढलं, तर तो उठून बाहेर गेला. दुःखात आहे."

नंतर तिनं त्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. आई गेलेली, वडील आधीच गेलेले. माहेर म्हणावं असा तो एकच भाऊ उरला होता. पोस्टमन आला की ती दाराकडे जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. भाऊ का लिहीत नाही हे त्या घरात एकीलाच माहीत होतं. मला. मी तिला म्हणायची, "वेळ दे त्याला."

आता वार्तापत्राचं सांगते. आमच्या धर्मसंघाची घरं देशोदेशी आहेत, आणि युरोपातल्या मुख्य घरातून तीन महिन्यांनी एक वार्तापत्र निघतं. प्रत्येक घरानं आपली बातमी आणि जोडीला एखादं चिंतन इंग्रजीत पाठवायचं. मी पाठवायची ते अगदी कोरडं असे: बालवाडीत मुलं वाढली, नाताळला शेडमध्ये तारा लावला. दोन ओळींत छापत. एकदा संपादक सिस्टरनं प्रेमानं लिहिलं, तुमच्या घराकडून मनातलं काहीच येत नाही, जरा मोकळ्या व्हा. मग मी मोकळी झाले. एका दुपारी बसून मंगळवारचं सगळं लिहिलं. कबुली म्हणून नव्हे. भक्तीच्या भाषेत, सुंदर करून. लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हेही सांगून टाकते.

आमचं टपाल इतकं रेंगाळायचं की अंकाच्या आधी कौतुकाची पत्रंच आली. एक आफ्रिकेतून, एक दक्षिण अमेरिकेतून. 'तुमचं चिंतन आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं. त्या आईसाठी आणि मुलीसाठी प्रार्थना केली.' मी ती पत्रं टेबलाच्या खणात ठेवली. अंक आपल्याही घरी येणार, हे तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. अंक आला की पटकन बाजूला करायचा, एवढंच मी ठरवलं. तिला सांगून टाकावं, हे मनात आलं आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

अंक आला त्या दिवशी मी वाशीला बालवाडीत होते. टपाल धाकटीनं घेतलं.

आमच्याकडे दुपारच्या जेवणात पहिली दहा मिनिटं एक जण वाचते, बाकीच्या गप्प राहून जेवतात. त्या आठवड्यात वाचायची पाळी तिची होती. इंग्रजी मजकूर ती वाचता वाचता थोरल्या सिस्टरसाठी मराठीत सांगायची; त्यात ती हुशार होती. मी आत आले, हात धुतले, बसले आणि तिच्या हातात ते निळं मुखपृष्ठ पाहिलं. "आज राहू दे वाचन," असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"अहो, आपलं नाव पहिल्याच पानावर आहे!" ती खुशीत म्हणाली. "नवी मुंबई!"

"वाच वाच," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

तिनं वाचायला सुरुवात केली. "मंगळवारी निरोप आला की आमच्या एका तरुण भगिनीची आई फार आजारी आहे. भगिनी मौनात होती. मी तो निरोप देवाजवळ ठेवला."

ती थांबली.

"मग?" थोरल्या सिस्टर घास घेत म्हणाल्या. "थांबलीस का? कुठल्या घरची गोष्ट ही?"

ती पुढे वाचू लागली. आवाज बदलला नाही, हे मला आजही सहन होत नाही. एकेक वाक्य नीट मराठीत करून तिनं सांगितलं, जणू परीक्षा चालू होती. "त्या आईनं आपली मुलगी देवाला दिलीच होती. आता तिनं मुलीची शेवटची भेटही दिली. वरच्या खोलीत मुलगी शांत होती. ती शांतता मोडण्याचा अधिकार मला नव्हता."

माझीच वाक्यं. इंग्रजीत ती मला सुंदर वाटली होती. मराठीत, तिच्या तोंडून, ती नागडी झाली. थोरल्या सिस्टरच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं या व्रतात काढलेली बाई, पण त्या नजरेत ओळख नव्हती.

धाकटीनं अंक मिटला, नीट बाजूला ठेवला.

"सिस्टर, मंगळवारी?"

"हो."

"किती वाजता?"

"साडेअकरा."

"मग एक वाजता तुम्ही ताट घेऊन आला होता."

"हो."

"वांग्याची भाजी होती." मग, "म्हणजे भाऊला वाटतंय मला माहीत होतं. त्याला वाटतंय, माहीत असून मी आले नाही."

"मी त्याला पत्र लिहिते," मी म्हणाले. "आजच लिहिते."

"तुमचं लिहिणं नको आता," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

मासळीवाल्या मावशीलाही कळलं. थोरल्या सिस्टरनं सांगितलं. पुढच्या खेपेला तिनं पाटी उतरवलीच नाही. "आई मरतंय त पोरीला सांगायचा. त्याला परमिशन कसली लागतंय?" एवढं मला ऐकवून ती पुढच्या गल्लीत गेली.

पुढच्या अंकासाठी मी मुख्य घराला खरं लिहून पाठवलं: ती शांतता नव्हती, तो माझा गर्व होता. त्यांनी छापलं नाही. 'असे प्रसंग खासगीत प्रार्थनेला द्यावेत,' असं नम्र उत्तर आलं. पहिलं छापताना ते कोणाला खासगी वाटलं नव्हतं.

पण त्याआधी, त्या दुपारनंतर तिसऱ्या दिवशी, भावाला तोंडानं सांगायला आम्ही दोघी श्रीरामपूरच्या गाडीत बसलो. तिनं खिडकीची जागा घेतली. मी शेजारी बसले. सबंध वाटेत तिनं मला फक्त एकदा विचारलं, पाणी हवंय का.

भाऊ पिठाच्या गिरणीत होता. भुवयांवर पीठ, खांद्यावर टॉवेल. आम्हाला दारात पाहून त्यानं पट्टा काढला, गिरणी बंद केली. बहिणीकडे त्यानं पाहिलंच नाही. "या सिस्टर," मला म्हणाला.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. "मंगळवारी तुम्ही फोन केला होता, तो मी तिला सांगितला नाही. शुक्रवारपर्यंत तिला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही 'जास्त' म्हणालात, ते मला कळलं होतं. तरी सांगितलं नाही."

दळण घ्यायला आलेल्या दोन बाया डबे तसेच ठेवून बाहेर सरकल्या.

"कळलं व्हतं?"

"हो."

तो पोत्यावर बसला. खालच्या आवाजात बोलायला लागला, माझ्याशी की जमिनीशी ते कळेना. "आई सारखी इचारायची, निघाली का. मी म्हणायचो, निघालीय. बुधवारी म्हणलं, निघालीय. गुरवारी म्हणलं, गाडीत बसलीय. रातच्याला म्हणली, लई लांबून येतीय का रं माझी बाय? मी म्हणलं, व्हय, लांबून येतीय." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, पीठ आणखी पसरलं. "मरत्या मानसाशी तीन दिस खोटं बोललो मी, सिस्टर."

माझ्या लिखाणात ती आई शांतपणे मुलीची भेट देवाला देऊन टाकत होती. इथे ती गाडीची वाट बघत होती.

"मला कळलंच नाही रे," धाकटी म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "वरच्या खोलीत होते मी. चौदा पायऱ्या रे. खाली फोन वाजलेला मी ऐकला होता."

भावानं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं.

त्याची बायको घरातून आली, दाराशी उभी राहिली. "ताई, राहणार ना?"

आणि धाकटी सवयीनं माझ्याकडे वळली. परवानगीसाठी. दहा वर्षांची सवय. मान आपोआप वळते. माझ्याही ओठांवर 'किती दिवस' हे आपोआप आलं होतं. मी दात आवळून धरले.

भावानं ते पाहिलं. "अजून हिलाच इचारतीस व्हय?" तो बहिणीवर डाफरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो डाफरत होता. "काढ त्या चपला. चल आत."

तिनं चपला काढल्या आणि त्याच्या मागोमाग आत गेली. मला कोणी आत बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी स्टँडवर जाऊन परतीच्या गाडीची चौकशी केली.