पंख्याची काळी वायर आणि वहिनींचा नारळ

दुसऱ्याची श्रद्धा तपासायला आपण जेवढे तत्पर असतो, तेवढे स्वतःचं काम तपासायला असतो का?

मी नव्हते. माझे बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापायचे. त्यांच्या घड्या घालत आणि ती वाटत मी मोठी झाले. ऑकलंडमध्ये हिल्सबरोला मी ज्या दादा-वहिनींकडे भाड्याने राहते, त्यांना माझी मतं आता पाठ झाली आहेत.

दादांना शंभरेक किलोमीटरवरच्या ‘ते रापा’ इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. तिकडे घर मिळेपर्यंत रोज जाऊन-येऊन करणं भाग होतं आणि गाडी एकच, तीही जुनी. इंजिन थंड ठेवणारा तिचा मूळ पंखा खिळखिळा झाला, म्हणून आम्ही बाजारातून दोन इलेक्ट्रिक पंखे आणले. वायरिंग मी केलं. मी पुण्याची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, पण इथल्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या ऑफिसात दिवसभर कोड लिहिते. गाडीला हात पहिल्यांदाच लावत होते. आकृती चोख काढली, फ्यूज आणि पंखे चालू-बंद करणारा रिले बसवले, मीटर लावला. जोडणी सलग असल्याचा बीप वाजला. काम झालं, असं मी जाहीर करून टाकलं.

शनिवारी सकाळी वहिनींनी गाडीची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी फुलाने उघड्या बॉनेटखाली शिंपडलं. दुपारी मी आणि दादा बाहेर पडलो, तर सिग्नलच्या रांगेत तापमानाचा काटा लालवर गेला. पंखे जेमतेम फिरत होते.

नारळाचं पाणी रिलेत गेलं, असं घरी येताच मी वहिनींसमोर भाषण ठोकलं. मग रिले उपसून काढला आणि त्यांच्याच हेअर ड्रायरने वाळवला. परत बसवल्यावर पंखे भन्नाट फिरले. हा घ्या पुरावा, असं मी म्हणाले. स्वयंपाकघरात वहिनी दादांना एवढंच म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमची नोकरी जायला नको."

रविवारी पुन्हा तेच. रिले मात्र कोरडा ठणठणीत.

दादांनी पुण्यात बरीच वर्षं कारखान्यातल्या मोटारींची देखभाल केली आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, "तू मीटर लावलास तेव्हा पंखे चालू होते का?"

नव्हते.

"बंद असताना सगळंच बरं दिसतं."

पंखे चालू करून त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं पंख्याच्या काळ्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला लावलं. जिथे जवळपास शून्य दिसायला हवं, तिथे चार व्होल्ट दिसले. ती वायर मी गाडीच्या पत्र्याच्या एका रंगवलेल्या पट्टीवर स्क्रूने आवळली होती. रंगातून बीपपुरता करंट जात होता, पंख्यापुरता नाही. आदल्या दिवशी रिले काढताना माझा हात लागून वायर हलली, म्हणून पंखे तात्पुरते चालले. ड्रायरचा त्यात काही संबंध नव्हता. आम्ही रंग खरवडला, उघड्या पत्र्यावर वायर घट्ट बसवली आणि गाडी अर्धा तास जागेवर चालू ठेवली. काटा मध्यावरून हलला नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी कणीक मळत होत्या. म्हटलं, "वहिनी, पाण्याने काही झालं नव्हतं. वायर मी चुकीची लावली होती."

"काल तर शेजारच्या गोऱ्या आजींनाही ऐकू गेलं होतं," वर न बघता त्या म्हणाल्या. "आज एवढी हळू का बोलतेस?"

मी तेच पुन्हा, मोठ्याने म्हणाले.

सोमवारी दादा वेळेच्या आधी पोचले. पूजेबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण त्या शनिवारी माझ्याकडे पुरावा नव्हता, नुसतं मत होतं.

तुम्हीही गाडीला असे पंखे बसवले असतील, तर आज ते चालू करा आणि चालू असतानाच काळ्या वायरवर मीटर लावा. अर्धा व्होल्ट जरी दिसला, तरी स्क्रू काढून खालचा रंग खरवडा. आणि ते होईपर्यंत घरात कोणालाही बोल लावू नका.