यानातल्या पोराची माय

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार. संघपाल खरातने त्या दिवशी तीन हजार आठशे चाळीस रुपये मोजून नवी हार्ड डिस्क आणली, तीही हातात लग्नाचे एक काम नसताना. जालन्याच्या मस्तगड भागात त्याचे लग्नाच्या व्हिडिओचे दुकान. अकरा वर्षांत साडेपाचशे लग्नांचे व्हिडिओ त्याने जोडून दिले. ही डिस्क मात्र एका सिनेमासाठी होती.

'परतीचे यान' हा सिनेमा त्याने आणि त्याचा मित्र सुमितने थिएटरात दोनदा पाहिला होता. सुमित शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवायचा. अंतराळात हरवलेला पोरगा एकोणीस वर्षांनी गावी परततो, एवढी चांगली गोष्ट. पण मध्येच एक खलनायक आणि पंचवीस मिनिटांची मारामारी घुसलेली. दोघेही हळहळले होते. सिनेमा अ‍ॅपवर येताच त्यांनी तो उतरवून घेतला आणि कापायला बसले.

मारामारी गेली, गोष्ट पळू लागली. संघपालने ती कौतुकाने आईला दाखवली. मालनबाईंनी शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "अन् त्याची माय कुठं गेली रे?"

"कोणाची?"

"त्या यानातल्या पोराची. सुरुवातीला डबा भरून देती, मंग न्हाईच. मेली म्हणावं, तर रडलं कोणी न्हाई."

संघपाल चपापला. लग्नाचा व्हिडिओ दिला की पहिला फोन हाच यायचा : आमची मावशी कुठं दिसली न्हाई. म्हणून तो नातेवाइकांची यादी समोर ठेवूनच काम करी. इथे तर नायकाची आईच राहून गेली होती आणि दोनदा पाहूनही त्याला दिसले नव्हते.

ती सापडली सिनेमाच्या जाहिरातीच्या तुकड्यात, म्हणजे ट्रेलरमध्ये. अंगणात पाठमोरी उभी, आभाळाकडे बघत. जेमतेम तीन सेकंद. हार घालताना नवरानवरीची करतात तशी त्याने तिची गती कमी केली. तीनाचे आठ सेकंद झाले. यान उतरल्यावर ते दृश्य जोडले. तोंड दिसत नव्हते, म्हणजे एखादे वाक्य घालायला मोकळीक होती. त्याने मालनबाईंना माइकपुढे बसवले.

"'आला का रे?' एवढंच म्हण, माय."

"फुकट न्हाई म्हणणार. एक्कावन्न रुपये लागतील."

"बराबर देतो. म्हण."

सुमितच्या आग्रहाने सिनेमा दुकानाच्या यूट्यूब चॅनलवर चढला. चार दिवसांत नऊ हजार लोकांनी पाहिला. पाचव्या दिवशी दिग्दर्शकाचा मेल आला : ताबडतोब फोन करा.

संघपालने मेल सुमितला दाखवला. लग्नाच्या व्हिडिओंत सिनेमाची गाणी घातली म्हणून चॅनलला आधीच दोन ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरी मिळाली की चॅनल बंद, आणि गिऱ्हाइके तर त्यावरचे नमुने पाहूनच यायची.

"जल्दी काढून टाक, भाऊ," सुमित म्हणाला.

"काढलं. पण तक्रार आधीच गेली असली तर? तुझं काय, तुला पोरं शिकवायचीत. माझं दुकान बसंल ना."

दोन दिवस त्याला घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने नंबर लावला.

"माझी पंचवीस मिनिटं तुम्हीच कापलीत?" दिग्दर्शक सोमेश्वर यांनी विचारले.

"हो सर. चुकलं. काढून टाकलंय, सर."

"त्यातली वीस मलाही कापायची होती. निर्माता ऐकेना. आईचं मात्र माझ्याकडूनच राहिलं. तो आवाज कोणाचा?"

"माझ्या आईचा."

"पुन्हा लोकांपुढे टाकू नका, निर्माता सोडणार नाही. ती प्रत मला पाठवा. मी तक्रार केलेली नाही आणि करणारही नाही."

फोन ठेवला तेव्हा संघपालच्या पाठीवरून कोणी पोते उतरवून घेतल्यासारखे झाले. घरी जाऊन तो थेट ताटावर बसला आणि चार भाकरी संपवून पाचवी मागितली.

"काय म्हणला साहेब?" मालनबाईंनी विचारले.

"तुझा आवाज कोणाचा म्हणून विचारून राह्यला."

"मंग मह्या पैशाचं सांगितलं का न्हाई त्याला?"

चॅनल शाबूत राहिले. नोव्हेंबरपासून नऊ लग्नांची कामे आली. मालनबाईंचे एक्कावन्न रुपये अजून देणे आहेत.