पंधरा किलो

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, आणि ते जनाआत्यामुळे. आत्या गावी असते. इथे मुलुंडला माझ्या शेजारी एक मालवणी काकू एकट्या राहतात.

त्यांचा मुलगा दिल्लीला असतो. विमानात पंधरा किलोच सामान चालतं, म्हणून काकूंची बॅग मी माझ्या हुकाच्या काट्याला लावून उचलतो. वजन जास्त भरलं की त्या आपली साडी काढतात. मुलाच्या लाडवांना, कुळथाच्या पिठाला हात लावत नाहीत.

"काकू, तिकडे नेसणार काय?"

"माका कोण बघता रे? तू काटो बघ."

मग दर वेळी मुलाचा फोन येतो, "आई, आत्ता नको, पुढे बघू." काकू दारोदार लाडू वाटतात. "घ्या, जास्त झाले," म्हणतात. मजल्यावर कुणीच काही विचारत नाही.

या खेपेला लाडवांबरोबर त्यांनी त्यांच्याकडेच राहिलेला काटाही माझ्या हातात दिला.

"ह्यो तुझो तुका. आता लागाचो नाय."

आत्याला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र लिहिलं:

"जनाआत्या, लवकर ये. जे जे आणावंसं वाटेल ते सगळं आण. एसटीत कुणी वजन करत नाही."