मानेची नस असेल

आम्ही तिघं पाचवीपासूनचे दोस्त. मी सोलापुरात मेडिकल चालवतो. दुसरा मोडनिंबजवळच्या एका शाळेत गुरुजी आहे, रोज सोलापुरातून जाऊन-येऊन करतो. तिसऱ्याचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, दहा-बारा शिलाई मशिनी आणि मधोमध कटिंगचं लांब टेबल. शिवायला बायका येतात, पण कापड कापायचं काम त्यानं कधी कुणाला दिलं नाही. डावा पंजा कापडाच्या थप्पीवर दाबून धरायचा आणि उजव्या हातानं कटर फिरवायचा. तो कापायला लागला की आम्ही बोलायचं थांबायचो, इतकं ते बघायला छान वाटायचं.

पन्नाशी जवळ आली तेव्हा मोटरसायकलवर कन्याकुमारीला जाऊन यायचं ठरलं. कल्पना माझी. रस्ता मी आखला, मुक्काम मी ठरवले, अकरा दिवसांत परत यायचं हेही मीच सगळ्यांना सांगून टाकलं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगितलं. रोज रात्री फोटो टाकायचो, खाली लोकांचं कौतुक वाचायचो. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायला लागलं होतं.

दहाव्या दिवशी आम्ही होस्पेटहून विजापूरला निघालो. इलकलच्या अलीकडे चहाला थांबलो. गुरुजी पलीकडच्या पंपावर पेट्रोल भरायला गेला होता. मी आणि कारखानावाला, आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो. चहाचा ग्लास त्याच्या डाव्या हातात होता, तो निसटून खाली पडला. त्यानं वाकून बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. बोटं मिटायचा प्रयत्न करत होता आणि ती नीट मिटत नव्हती.

‘‘सकाळपास्नं असंच व्हायलंय,’’ तो म्हणाला. ‘‘क्लच दाबला की दाबलाय का नाही तेच कळंना. मधेच बरं होतंय.’’

मी त्याचा हात हातात घेतला. चोळला. पंधरा-वीस मिनिटांत बोटं हलायला लागली. मी म्हणालो, मानेची नस असेल, दहा दिवस हँडल धरून बसलायस. माझ्या बॅगेत गोळ्या होत्या. एक नसांसाठीची, एक दुखण्यावरची. दोन्ही दिल्या. त्यानं काही न विचारता गिळल्या. मी मेडिकलवाला आहे, त्यानं कशाला विचारावं?

मग तो म्हणाला, ‘‘गुरुजीला सांगू नको. आणि घरी तर अजिबात नको. ती आत्ताच्या आत्ता गाडीत बसून इकडं येईल.’’

मी बरं म्हणालो.

माझ्या दुकानात काउंटरच्या काचेखाली एक पत्रक ठेवलेलं आहे. एका औषध कंपनीच्या माणसानं दिलेलं. त्यावर लकव्याची लक्षणं चित्रांसह छापली आहेत. एका बाजूचा हात बधिर होणं हे त्यातलं दुसरं चित्र. दिवसातून पन्नास वेळा त्या काचेवर मी औषधं ठेवतो. तिथं त्या बाकावर, त्याचा हात हातात असताना, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर पुढचं लिहायची गरज पडली नसती. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. माझ्या मनात त्या वेळी दुसऱ्या दिवशीचे दहा वाजले होते. बरोबर दहाला आम्ही शहरात शिरणार होतो. हार, नारळ, तिन्ही घरची माणसं, माझ्या मुलीनं तयार करून घेतलेला मोठा बॅनर.

इलकलमध्ये आम्ही पुन्हा थांबलो. त्याला बायकोसाठी साडी घ्यायची होती. दुकानात त्यानं रंग बघण्यात पाऊण तास घालवला आणि कानडीत घासाघीस करून दुकानदाराला हसवलं. मला तेव्हा हायसं वाटलं. बघ, बरा आहे की, असं मी स्वतःला सांगितलं. साडीला पाऊण तास होता. विजापुरात मोठमोठे दवाखाने आहेत, आम्ही मुक्कामाला टेकलो ते लॉज एका दवाखान्याच्या समोरच होतं. खिडकीतून त्याची पाटी दिसायची. मी त्याला संध्याकाळी एकदाच विचारलं, हात कसा आहे? तो म्हणाला, चांगला आहे. जेवण झाल्यावर त्याच्या बायकोचा फोन आला. तो तिच्याशी कानडीत बोलत होता. मला तेवढी कानडी कळते. सगळं छान आहे, उद्या भेटू, असं सांगत होता.

सकाळी सातला निघालो. मी पुढे, गुरुजी मधे, तो मागे. ऊन अजून चढलं नव्हतं, रस्ता मोकळा होता. भीमेचा पूल ओलांडून टाकळीत आलो तेव्हा गुरुजीनं हात वर करून आपण महाराष्ट्रात आलो असं खुणावलं. नांदणीपर्यंत दोघंही मला आरशात दिसत होते. वडकबाळचा सीनेचा पूल ओलांडल्यावर बघितलं तर आरशात एकटा गुरुजी होता.

थांबलो. गुरुजी म्हणाला, मागं जाऊन बघून येतो. मी म्हणालो, लघवीला थांबला असेल. तरी तो गेला. मी तिथंच रस्त्याकडेला गाडी लावून घरी फोन केला. बायकोला सांगितलं, अर्ध्या तासात पोचतो, सगळ्यांना चौकात उभं करा. मुलीनं फोन घेतला, बॅनर कुठल्या बाजूला धरू विचारलं. मी डावी-उजवी बाजू तिला नीट समजावून सांगितली. बॅनरचं बोलणं चालू असतानाच गुरुजीचा फोन यायला लागला आणि मी तो लगेच घेतला नाही.

मी मागे फिरलो. कारखानावाला पडला होता ती जागा नांदणीपासून लांब नव्हती. रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत कुणीतरी त्याला आडवं केलं होतं. हेल्मेट काढून उशाला ठेवलं होतं. एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची बायको त्याच्याजवळ बसले होते. ती पदरानं वारा घालत होती.

‘‘गाडी जोरात न्हवती,’’ म्हातारे मला म्हणाले. ‘‘आमी बघत हुतो की. हळूहळू एका अंगाला गेली आन् आडवी झाली. मार लागल्यासारकं न्हाय दिसत, पर त्यास्नी बोलता येईना.’’

त्याचं तोंड डाव्या बाजूला ओघळलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याला ओळखीचा वाटत होतो, हे नक्की. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या म्हाताऱ्यांनीच गावातली जीप बोलावली. सोलापूरच्या दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला. चौकात जमलेली माणसं तशीच दवाखान्यात आली. कुणाच्या हातात हार होते, कुणाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नवी साडी नेसून आल्या होत्या. त्या अक्कलकोटच्या, बोलणं मोजकं. रडल्या नाहीत. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

‘‘भावजी, डॉक्टर विचारायलेत. याच्या आधी काही त्रास झाला होता का?’’

मी म्हणालो, ‘‘नाही.’’

शब्द तोंडातून गेला आणि त्या माझ्यावर विश्वास ठेवून वळल्या, आत जाऊन डॉक्टरांना नाही म्हणून सांगू लागल्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात खरं सांगितलं. काल सकाळपासून डावा हात अधूनमधून बधिर होत होता. माझ्यासमोर वीसेक मिनिटं.

‘‘मग काल का नाही दाखवलंत?’’

मी हातातलं हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं.

‘‘तुम्ही काय करता?’’

‘‘मेडिकल आहे माझं.’’

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते आत गेले. एवढंच. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी ते आयुष्यभर कुणालातरी सांगू शकलो असतो.

तो वाचला. तिसऱ्या दिवशी पहिला शब्द आला तो कानडीत, पाणी मागितलं त्यानं. पंधरा दिवसांनी घरी आला. बोलणं हळूहळू जवळजवळ पहिल्यासारखं झालं, पाय ओढत का होईना चालायला लागला. डावा हात मात्र परत आला नाही. पंजा उघडतो, पण दाब येत नाही. शाळा सुरू व्हायच्या आधीचे महिने म्हणजे त्याच्या धंद्याचा हंगाम. त्या वर्षी कापड कापायला वहिनी उभ्या राहिल्या. तो खुर्चीवर बसून सांगायचा, त्या कापायच्या. पहिल्या आठवड्यात बऱ्याच चड्ड्या आखूड झाल्या.

मी रोज संध्याकाळी जायचो. औषधं न्यायचो, त्याच्या बोटांचे व्यायाम करून घ्यायचो, चेंडू दाबायला लावायचो. दुकान लवकर बंद करतो म्हणून घरी कुरकुर व्हायची, तरी जायचो. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायच्या, भावजी सख्ख्या भावापेक्षा जास्त करायलेत. एकदा त्यांची अक्कलकोटची मोठी बहीण आली होती, तिनं माझ्यापुढे हात जोडले. मी चपला घालून खाली उतरलो आणि जिन्यात बसून राहिलो.

गुरुजीचं वेगळंच चालू होतं. विजापूरहून लवकर निघायची घाई आपण केली, दोस्ताची झोप झाली नाही, म्हणून हे झालं असं तो धरून बसला होता. माझ्यापाशी दोन-तीनदा बोलला. मी त्याला तसं काही नसतं रे, असं म्हणायचो. खरं कारण सांगायचो नाही.

सात महिन्यांनी मी वहिनींना सांगितलं. रविवारची सकाळ होती, कारखाना बंद, तो खाली आंघोळीला गेला होता. त्या टेबलावर खडूनं खुणा करत होत्या. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. चहाचा ग्लास, गोळ्या, काचेखालचं पत्रक, विजापूरच्या लॉजसमोरचा दवाखाना. दवाखान्यात मी नाही म्हणालो तेही. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या मला रागावतील याची तयारी मी घरून करून आलो होतो.

त्यांनी खडू खाली ठेवला.

‘‘हे तुम्हाला त्यांनी स्वतः सांगितलं? हात बधिर झाला म्हणून?’’

‘‘हो.’’

‘‘आणि मला सांगू नको म्हणाले?’’

‘‘हो.’’

‘‘त्या रात्री फोनवर बोलले की माझ्याशी,’’ त्या म्हणाल्या. पुन्हा खडू उचलला आणि त्याच खुणेवर दुसऱ्यांदा रेघ ओढली. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

दोन दिवसांनी त्यानं मला बोलावून घेतलं. खाली अंगणात बसला होता. अजून थोडं ओढून बोलतो, त्यामुळे प्रत्येक शब्द नीट ऐकू येतो.

‘‘मला विचारायचं तरी होतंस.’’

मी म्हणालो, मला राहवलं नाही.

‘‘तुला बरं वाटलं. माझ्या घरात काय झालं बघ. सात महिने तिला वाटत होतं, झालं ते अचानक झालं, कुणाचा इलाज नव्हता. त्या समजुतीवर उभी होती ती. आता म्हणते, दोस्ताला सांगितलंत, मला नाही. जेवायला वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.’’

मी म्हणालो, चूक माझी होती, तुझी नाही.

‘‘ग्लास माझ्या हातातून पडला होता,’’ तो म्हणाला. ‘‘मला काय कळत नव्हतं व्हय? मलापण त्या चौकात गाडीवरनंच यायचं होतं.’’

हे मला माहीत नव्हतं. माझ्या मनात तो माझ्या भरवशावर राहिलेला भोळा माणूस होता. पण त्यानं माझ्याकडून नेमकं तेच ऐकून घेतलं होतं जे त्याला ऐकायचं होतं, आणि मी ते देऊन टाकलं होतं. यानं माझं ओझं कमी होत नाही. औषधांचं दुकान त्याचं नाही, माझं आहे.

नंतर जवळजवळ दोन महिने त्यांच्या घरून औषधाला कुणी आलं नाही. दुसरीकडून नेत होते. मी संध्याकाळी जाणं थांबवलं. गुरुजीलाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला तरी सांगायचंस रे, मी रोज स्वतःला शिव्या द्यायलोय. त्याच्याशी बोलणं आहे, पण तो पूर्वीसारखा दुकानात येऊन स्टुलावर टेकत नाही.

एका दुपारी वहिनी स्वतः दुकानात आल्या. दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग डॉक्टरांचा कागद काउंटरवर ठेवला. मी औषधं काढायला लागलो.

‘‘ते तुमची वाट बघतात संध्याकाळी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणत नाहीत, पण बघतात. चेंडू माझ्याकडून घेत नाहीत.’’

मी विचारलं, ‘‘येऊ का?’’

‘‘त्यांच्यासाठी या.’’

औषधांची पिशवी घेऊन त्या पायरी उतरल्या. मी त्या दिवसापासून पुन्हा जातो. वहिनी चहा ठेवतात, कपबशी माझ्यापुढे सरकवतात, साखर बरोबर आहे का विचारतात. भावजी मात्र म्हणत नाहीत. मी त्याची बोटं एकेक करून उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. तो खिडकीतून बाहेर बघत असतो. अंगठ्यात थोडी ताकद आल्यासारखी वाटते असं परवा तो म्हणाला. मला तसं काही जाणवलं नाही. जाणवलं नाही, असंच मी त्याला सांगितलं.