सरळ बसणारा चेहरा

उंब्रजच्या स्टँडसमोर फोटोवाल्या काकांचा स्टुडिओ आहे. फोटो काढताना ते कुणाच्या हनुवटीला हात लावत नाहीत, दुरूनच सांगतात, "ताई, मान जरा डावीकडं. हां, लय झ्याक." बायकांना त्यामुळे बरं वाटतं. मलाही वाटायचं.

लग्नाच्या ग्रुप फोटोत सुट्टी न मिळालेला फौजी मुलगा उभा करणं, हे त्यांचं खास काम. त्यासाठी एकाच्या धडावर दुसऱ्याचं तोंड बसवणारी फुकटातली एआय ॲप ते सतत शोधत असतात. परवा मी पासपोर्ट फोटोच्या प्रती आणायला गेले, तर त्यांनी हौसेनं मोबाईल पुढे केला. "सगळी ट्राय केली बघा. ह्या एकात मान वळली तरी तोंड सरकत न्हाई."

व्हिडिओत कुणी बाई लावणी नाचत होती. चेहरा माझा होता.

"माझाच का?"

"आवं, दुसऱ्या पोरींचे भाऊ भांडायला येतील. तुमी कवा काय बोलत न्हाई."

"डिलीट करा," मी म्हणाले. त्यांनी लगेच केलं.

"आणि ॲपवर चढवलेला फोटो?"

"फुकटचं हाय ताई. त्यांच्याकडं गेल्यालं परत कुटं येतंय?"

तेवढ्यात कॉलेजच्या अर्जासाठी फोटो काढायला एक मुलगी आली आणि खुर्चीत अंग चोरून बसली.

"इथं काढू नकोस," मी तिला मोठ्यानं म्हणाले.

ती गोंधळून त्यांच्याकडे बघायला लागली.

"ताई, मान जरा डावीकडं," ते दुरूनच मायेनं म्हणाले.

तिनं केली.