निशाण आणि दादाच्या टाचा

दादाला शेवटचं भेटले ती इस्पितळात. न्यूमोनियाने छाती भरलेली, बोलताना धाप लागायची, पण चादरीखाली त्याचे पाय चालूच होते. पंजे पुढे, पंजे मागे... मी म्हटलं, "आता तरी आराम कर रे." तर म्हणतो, "आरामच करून राहिलोय. पाय फक्त ड्युटीवर आहेत." त्यानंतर त्याच्या मुलीचा, मंजिरीचा फोन आला तो दादा गेल्याचाच.

आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. फौज गेली, तलवारी पूजेपुरत्या उरल्या, ताठ उभं राहण्याचा तोरा मात्र गेला नाही. दसऱ्याला किला गेटजवळच्या आमच्या देवीच्या देवळात शस्त्रपूजा होते, सगळी भावकी जमते. पूजा सुरू झाल्यापासून आरती संपेपर्यंत आमच्या घरातल्या कुणीतरी भगवं निशाण धरून उभं राहायचं आणि जराही हलायचं नाही. बाबांनंतर हा मान दादाकडे आला. त्याने तो इतका मनावर घेतला की इंदरगंजातल्या कापडाच्या दुकानात काउंटरमागेसुद्धा तो सावधानमध्येच उभा असायचा. गिऱ्हाईक नसलं तरी बसणं नाही, हलणं नाही. संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ रुतलेले असत आणि घोटे दिसेनासे होत. "तुला सकाळी एका मापाच्या चपला लागतात, संध्याकाळी दुसऱ्या," असं मी चिडवायची. सूज म्हणजे कष्टाची पावती, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

एका दसऱ्याला आरतीच्या ऐन मध्यात दादाला घेरी आली. तो खाली बसला आणि निशाण कलंडलं. लोकांनी वरच्या वर झेललं म्हणून बरं. भावकीतले वडीलधारे तात्यासाहेब म्हणाले, "आता बस झालं. पुढच्या वर्षी निशाण दुसऱ्या घरात जाईल." त्या दिवशी दादा कुणाकडे सोनं द्यायलाही गेला नाही. मला तात्यासाहेबांचा राग आला आणि त्याहून जास्त दादाची कीव आली. मीच त्यांच्याशी भांडून एक वर्ष मागून घेतलं.

मग मी त्याला सिटी सेंटरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी आधी हृदय, मूत्रपिंडं, पायांच्या शिरा सगळं तपासून घेतलं. तिथे काही निघालं नाही. मग त्यांनी दादाची पोटरी दाबून दाखवली. "अंकल, ये जो पिंडली है ना, यही पैरों का पंप है. आपने पंप बंद करके रखा है." हृदयाने खाली पाठवलेलं रक्त परत वर ढकलायला पोटरीचे स्नायू मदत करतात. ते आवळले की शिरांमधलं रक्त वर सरकतं. तासन्‌तास निश्चल उभं राहिलं, किंवा नुसतं बसून राहिलं, की ते खालीच साचतं, पायात पाणी उतरतं, आणि डोक्याला रक्त कमी पडलं तर घेरीही येते. दादा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "पण मॅडम, हमारे यहाँ हिलना मना है."

त्या हसल्या. "खड़े रहिए अंकल, बस टाँगों को छुट्टी मत दीजिए."

तेव्हापासून दादाच्या टाचांना चैन नव्हतं. दुकानात कापडाचं थान उलगडताना टाचा वर, टाचा खाली. माझ्याकडे आला की ओट्याला धरून तेच, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. टीव्हीसमोर बसला की पंजे हलायचे, आणि मधेच उठून तो उगाच अंगणात फेरी मारून यायचा. मंजिरी बँकेत दिवसभर खुर्चीत, तिच्याही मागे लागला. सूज पार गेली असं नाही, पण संध्याकाळी घोटे दिसू लागले.

पुढचा दसरा आला. माझं पूजेत लक्षच नव्हतं, मी निशाणाकडे बघत होते. धोतराखाली त्याच्या टाचा हळूच उचलल्या जात होत्या आणि तेवढंच निशाणाचं टोक वर-खाली होत होतं. तात्यासाहेब गरजले, "निशाण हिलतंय!" दादाने मान न वळवता सांगितलं, "हिलू द्या तात्यासाहेब. पडणार नाही." आरती संपली तेव्हा तो उभाच होता. मी रडले, आणि का ते कुणाला सांगितलं नाही. मान आमच्याच घरात राहिला. पुढे दरवर्षी निशाण हललं आणि दरवर्षी तात्यासाहेब कुरकुरले.

यंदा दसऱ्याच्या आधीच दादा गेला. सुतक फिटलं होतं, तरी घरात सण करायचं कुणाच्या मनात नव्हतं. मंजिरी म्हणाली, "गोडधोड नाही करायचं आत्या, पण निशाण मी धरणार." आजवर आमच्या घरातल्या मुलीने ते धरलेलं नव्हतं. देवळात मी ते तिच्या हाती दिलं. आरती सुरू झाली. बिचारी इतकी घाबरली होती की खांबासारखी ताठ, श्वासही रोखलेला. टोक जागचं हलेना. तात्यासाहेब काठी टेकत तिच्याजवळ गेले. मला वाटलं, आता बोलणार काहीतरी...

ते हलक्या आवाजात म्हणाले, "टाचा उचल, बाळा. निशाण हिलू दे."