तीन चाकांची मोटार, दोन चाकोऱ्यांची वाट

मोटारीला मी दोष देत नाही. दोष देतो जहागीरदाराच्या कारभाऱ्याला, आणि इतक्या वर्षांनीही तो राग उतरलेला नाही.

नळदुर्गच्या बाजारात माझं कापडाचं दुकान होतं. त्याआधी मी सोलापूर-हैदराबाद सडकेवर लॉरीचा क्लीनर होतो. गाडी चालवायला तिथंच शिकलो. माझे वडील, आप्पा, पाठीवर गाठोडं घेऊन खेडोपाडी खण-लुगडी विकत हिंडलेले. दुकान उभं राहिलं तोवर त्यांची कंबर गेली होती आणि ते गावीच असायचे. बैलगाडीचे हिसके सोसवत नव्हते. डोलीत घालून आणतो म्हणालो, तर भडकले. "मेल्यावर न्या खांद्यावर. आत्ता न्हाय."

म्हणजे आप्पांना दुकान दाखवायचं तर मोटारच हवी होती. सोलापुरात भाड्याची मिळाली असती. पण मला त्यांना माझ्या मोटारीतून आणायचं होतं.

आमच्या भागातल्या जहागीरदारानं विलायतेहून एक शर्यतीची मोटार आणवली होती. तिकडच्या एका लहानशा कारखान्यात अशा मोटारी वर्षाला मोजक्याच, हातानं बनत. पुढं दोन चाकं, मागं एकच. इंजिन नाकाच्याही पुढं, उघडं. मागच्या चाकाला सायकलसारखी साखळी, पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा, आणि दोघांपुरती बसायची जागा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल कुपनावर आलं, तसा जहागीरदाराचा शौक ओसरला आणि मोटार विकायला निघाली.

बैल पारखावा तशी मी ती पारखली. नखानं लाकूड टोकरलं, साखळी ओढली, आडवं होऊन खालून पाहिलं. मग कारभाऱ्यानं हातावर रुमाल टाकला आणि बैलबाजारातल्यासारखा आमचा सौदा रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी सुरू झाला.

"लाकडाची मोटार!" मी म्हणालो. "चुलीत घालू का?"

"शेठ, विलायती लाकूड हाय. लवतं, तुटत न्हाय. तुमच्यासारखं न्हाय ते."

"आन् चौथं चाक? सरकारांनी खाल्लं काय?"

तो हसला. "जे न्हाय त्याचा भाव धरू नका."

मी धरला नाहीच. चारातलं एक चाक नाही, म्हणून रुपयामागं चार आणे तोडले. त्याची बोटं ढिली पडली तेव्हा वाटलं, जिंकलो. निघताना त्यानं सहज विचारलं, "शेठ, तुमचं गाव सडकंवर हाय न्हवं?"

"दोन कोस आत."

त्यानं तोंडात पान घातलं आणि मला रामराम केला. ते पान मी त्याला आजवर माफ केलेलं नाही.

सडकेवर मोटार झकास चालली. लॉरीवाले माना वळवून बघत होते. मग मी गावाच्या वाटेला लागलो. बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध वीतभर उंच दगडमातीचा वरंबा. पुढची दोन चाकं चाकोऱ्यांत बसली आणि तिसरं वरंब्यावर चढलं. ते चाकोरीत घालावं तर मोटार कलंडायची. अर्धा कोस तशीच रेटली. मग चाक एका धोंड्यावर आदळलं, साखळी तुटली आणि तिचं दातेरी चक्र फुटलं.

चालत गावात पोचलो. आप्पा धुतलेलं धोतर, पटका, कपाळाला विभूती असे दारात तयार बसले होते.

"मोटार कुठाय?"

"वाटंत हाय, आप्पा. जरा सामान मोडलंय."

"मग आन की सामान. मी कुठं पळून चाललोय?"

मोटार बैलांनी ओढत नळदुर्गला नेली. ते सगळ्या गावानं पाहिलं. सोलापूरच्या एका मास्तरांकडून मी कारखान्याला पत्र लिहवून घेतलं. गावी गेलो की आप्पा विचारायचे, "आलं का सामान?" मी म्हणायचो, येतंय. भाड्याची मोटार तेव्हाही मिळाली असती. तिची चाकं दोन्ही चाकोऱ्यांतून नीट गेली असती. पण गावासमोर दुसऱ्याची मोटार आणणं माझ्यानं झालं नाही.

ज्वारी काढणीला आली तेव्हा आप्पा गेले. आमच्यात मयताला विमानात, म्हणजे खांद्यावरच्या सजवलेल्या मखरात, बसवून नेतात. त्याच वाटेनं निघालो. खांदेकरी चाकोऱ्यांतून चालत होते आणि आप्पा मधल्या वरंब्यावरून, उंचावर बसून जात होते.

पत्राचं उत्तर त्यानंतर आलं. कारखान्याच्या मालकानं स्वतः लिहिलेलं. मास्तरांनी वाचून सांगितलं: ही मोटार त्याला नीट आठवते, तिचा पत्रा ठोकणारा कारागीर लढाईवर गेलाय. एका मोटारीचं सामान दुसरीला बसत नाही, प्रत्येक तुकडा कानशीनं घासून बसवलेला. मोडकं चक्र पाठवा, लढाई संपली की बघू.

"शेवटी विचारलंय, तुमच्याकडचा रस्ता कसा आहे," मास्तर म्हणाले. "काय लिहू?"

मी त्यांच्यावर ओरडलो आणि उठून आलो. ती वाट मला पाठ होती. लहानपणी त्या वाटेनं मी आप्पांबरोबर बाजाराला जायचो. गाठोडं घेऊन ते चाकोरीतून चालायचे आणि मी वरंब्यावरून.